भोवत्या की कापशी? माळावरच्या पक्ष्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं रान मंगळवेढे तालुक्यात आहे. दिवाळी झाली, ज्वारी गुडघ्याला लागली की एक पांढरट-राखी पक्षी पिकावरून अगदी खालून उडत जातो. पंख लांब, अंग हलकं. त्याच दिवसांत कमरेवर पांढरा डाग असलेला तपकिरी पक्षीही दिसतो. गावात पांढऱ्याला कापशी म्हणतात. ही कापशीच का? आणि उन्हाळ्यात जाते कुठे?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : कापशी नव्हे. कापशी घार बारा महिने तुमच्याच शिवारात असते. ती विजेच्या तारेवर नाहीतर बाभळीच्या शेंड्यावर बसते, खांद्यावर काळा डाग असतो, डोळे लालभडक असतात आणि शिकार दिसली की हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते. तुम्ही लिहिलेला पक्षी तारेवर बसलेला तुम्हाला बहुधा कधी दिसला नसेल. तो बसतो ढेकळावर, बांधावर, गवतात. हा भोवत्या.

‘अगदी खालून’ हे तुमचे दोन शब्द वाचले तेव्हाच माझी खात्री पटली. चार-सहा फडके मारायचे, मग पंख किंचित वर उचलून डावीकडे-उजवीकडे झुलत तरंगायचं, मध्येच गर्रकन वळून पिकात उतरायचं, ही भोवत्याची चाल. रंगाच्या आधी चाल बघा. भर उन्हात रंग फसवतो, चाल फसवत नाही. त्याचा चेहरा घुबडासारखा चकतीदार असतो. त्यामुळे गवतात काही खुसपुसलं तरी त्याला ऐकू येतं. म्हणून तर तो इतक्या खालून उडतो.

तुमच्या भागात थंडीत मुख्यतः दोन जातींचे भोवत्या येतात. पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या. दोन्ही नर राखी, पण पंखाचं टोक नीट पाहिलं की वेगळे कळतात. पांढुरक्याच्या टोकाशी काळा रंग फक्त पाचरीएवढा, बाकी अंग जवळजवळ पांढरं. माँटेग्यूच्या पंखाचं अख्खं टोक काळं, शिवाय पंखावरून लांबीभर एक काळी रेघ जाते आणि कुशीवर तांबूस रेषा असतात. तुम्ही ‘पांढरट’ लिहिलंय, त्यामुळे माझा कल पांढुरक्याकडे आहे. पण ती रेघ आहे की नाही, एवढं पुढच्या वेळी बघून कळवा.

तो तपकिरी पक्षी वेगळा नाही. ती यांचीच मादी किंवा यंदाचं पिल्लू. छाती-पोट विटकरी आणि त्यावर एकही रेघ नसेल तर पिल्लू. रेघा असतील तर मादी. कानामागून गळ्याकडे फिकट पट्टा उठून दिसला, तर पांढुरका असण्याची शक्यता जास्त. डोळ्याभोवती पांढरं ठळक आणि तो गळपट्टा नाही, तर माँटेग्यू. माद्यांच्या बाबतीत भलेभले जाणकार नुसतं ‘भोवत्या, मादी’ एवढंच वहीत लिहून पुढे जातात. त्यात काहीच कमीपणा नाही. इंग्लंडातही एके काळी राखी नर आणि तपकिरी मादी या दोन जाती समजल्या जात. जॉर्ज माँटेग्यू या निसर्ग अभ्यासकानं पिल्लं पाळून, वाढवून तो गोंधळ निस्तरला. आपल्या या भोवत्याला त्याचंच नाव आहे. त्याचं वर्णन त्यानं १८०२ सालच्या आपल्या पक्षिकोशात केलं.

आता उन्हाळ्याचं. मार्च-एप्रिलात ते निघतात ते कझाकस्तान आणि दक्षिण रशियातल्या गवताळ मैदानांकडे. माँटेग्यूचा नर वजनानं जेमतेम पाव किलोच्या आसपास. एवढा जीव हजारो किलोमीटर जातो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात परत येतो. तिकडेही तो झाडावर चढत नाही, घरटं जमिनीवरच. नर भक्ष्य घेऊन येतो आणि मादी खालून उडून, हवेत उलटी होत ते झेलते. युरोपात माँटेग्यू गव्हाच्या शेतातही घरटी करतो. तिथे कापणी यंत्राच्या पात्याखाली पिल्लं सापडू नयेत म्हणून फ्रान्स, स्पेन, जर्मनीत स्वयंसेवक शेतं धुंडाळतात आणि शेतकरी घरट्याभोवतीचा तुकडा उभा ठेवतात. इथे तुम्हाला तेवढंही करावं लागत नाही. तो तुमच्या रानात नाकतोडे, टोळ, उंदीर, सरडे, चंडोल टिपतो. त्याला फिरू द्या, एवढं पुरे.

प्रश्न : आमचा गट पावसाळ्यात सासवडकडच्या उघड्या माळावर झाडं लावतो. मागच्या अंकात तुम्ही ‘माळावर झाडं नकोत’ असं लिहिलंत. हे पटलं नाही.
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिते. ज्याला आपण उघडा माळ म्हणतो तो उघडा नसतो. तिथे कुसळी, पवन्या, मारवेल असतं, आणि त्या गवतावर एक सबंध जग उभं असतं. आमच्या सोलापूरकडे मुळात पाऊसच कमी. तिथे गवत हीच त्या जमिनीची खरी वनस्पती आहे, जंगल व्हायचं राहून गेलं असा काही प्रकार नाही. सरकारी दप्तरात ‘पडीक’ लिहिलं म्हणून जमीन पडीक होत नाही. पिढ्यान् पिढ्या धनगरांची मेंढरं तिच्यावर जगली आहेत. माळढोकासाठी १९७९ साली नान्नजचं अभयारण्य झालं, आणि आज तिथे माळढोक दिसणं किती मुश्किल झालंय ते तुम्ही जाणताच. त्याची कारणं अनेक, पण गवत आक्रसणं हे त्यातलं मोठं.

भोवत्याला तर रात्री निजायलाही गवतच लागतं. सूर्य कलला की आठी दिशांनी ते एकेक करून येतात, गवतावर घिरट्या घालतात आणि आपापल्या तुडवलेल्या जागेत उतरतात. गुजरातेत भावनगरजवळच्या वेळावदरचा रातथारा, म्हणजे रात्री मिळून निजायची जागा, जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी मानला जातो. १९९० च्या दशकात तिथे हजाराहून जास्त भोवत्या एका संध्याकाळी मोजले गेले. अशा गवतात गिरिपुष्प किंवा सुबाभळीच्या रांगा उभ्या राहिल्या की सावलीखाली गवत विरळ होतं आणि उतरायला मोकळी जागा उरत नाही. पांढुरका भोवत्या आधीच जागतिक यादीत ‘संकटसमीप’ आहे.

झाडं जरूर लावा. गावठाणात, शाळेभोवती, ओढ्याकाठी, जिथे पूर्वी झाडं होती तिथे. आणि माळासाठी काही करावंसं वाटत असेल तर हिवाळ्यात वणवा लागू देऊ नका. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करायला ग्रामपंचायतीच्या मागे लागा, कारण जमिनीवर निजणाऱ्या पक्ष्याला अंधारात कुत्र्याइतकं भय कशाचंच नाही. रातथारा सापडला तर गवतात शिरू नका. वाटेवर गाडी थांबवून आतूनच बघा, आणि ती जागा फेसबुकवर टाकू नका.

प्रश्न : भोवत्या कोंबडीची पिल्लं नेतो का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : त्याची शिकारीची जागा माळ आणि पीक, अंगण नव्हे. दारातून पिल्लू गेलं असेल तर आधी शिक्रा, घार किंवा मुंगसावर संशय घ्या. पिल्लं मोठी होईपर्यंत खुराड्यावर बारीक जाळी टाका आणि कडेनं दगड लावा.