आर्च लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची ३२-बिट आवृत्ती 'अनधिकृत' आहे, मग मूळ आर्चवाले त्याला मदत करतात का? जुन्या नेटबुकवर टाकू का?

शिकायला, गाणी ऐकायला, घरात छोटा सर्व्हर म्हणून लावायला खुशाल टाका. दुकानाचा हिशोब त्याच्यावर चालणार असेल तर नका टाकू.

हे अनुभवाचं बोलतोय. भडगाव तालुक्यात माझ्या मामांचं कृषी सेवा केंद्र आहे. तिथल्या बिलिंगच्या नेटबुकमध्ये ॲटम एन२७० होता, म्हणजे निव्वळ ३२-बिट. आर्चने जानेवारी २०१७ मध्ये जाहीर केलं की आय६८६ (३२-बिट प्रोसेसरसाठीची आवृत्ती) बंद होणार आणि नोव्हेंबरमध्ये खरंच बंद केलं. मग लोकांनी एकत्र येऊन आर्च लिनक्स ३२ उभं केलं आणि मीही तिकडे वळलो. पुढे एका जून महिन्यात, कपाशीच्या बियाण्याला दुकानात रांग लागलेली असताना, मी अख्खी सिस्टीम अपडेट न करता एकच पॅकेज नवं ओढलं. लायब्ररी (इतर प्रोग्राम वापरतात तो सामायिक कोड) नवी आणि बाकी सगळं जुनं, त्यामुळे बिलाचा प्रोग्राम उघडेना. चूक शंभर टक्के माझी. मामा दिवसभर हाताने बिलं फाडत होते आणि माझ्याकडे बघतही नव्हते.

आता तुमचा मूळ प्रश्न. मामांचं शेत कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला आहे. हेडच्या शेतकऱ्याने टेलपर्यंत पाणी डोक्यावरून वाहून न्यावं, असं कोणी म्हणत नाही. त्याने चारीत बांध घालू नये, एवढीच अपेक्षा असते. डिस्ट्रो (आर्चसारखी तयार लिनक्स सिस्टीम) आणि पोर्ट (तीच सिस्टीम दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर चालवणारी आवृत्ती) यांचं नातं मला असंच दिसतं.

'बांध' म्हणजे काय ते सांगतो. माझ्याकडे रिस्क-फाइव्ह या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचा एक छोटा बोर्ड आहे. मे महिन्यात, जळगावचं ऊन डोक्यावर आणि टेबलफॅन बोर्डाकडे तोंड करून लावलेला, अशा थाटात मी त्याच्यावर सोर्सवरून एक जुनी लायब्ररी बांधत (कंपाइल करत) होतो. दहा सेकंदांत गाडी बंद: सिस्टीमचा प्रकार ओळखता येत नाही. आत बघितलं तर सोर्ससोबत आलेली यंत्राचा प्रकार ओळखणारी कॉन्फिग-डॉट-गेस ही फाइल २००५ सालची. रिस्क-फाइव्हचा जन्मच २०१० चा, तिला बिचारीला कुठून माहीत असणार? इलाज एका ओळीचा: बांधणीआधी ऑटोरीकॉन्फ (autoreconf -fi) चालवायचं, म्हणजे त्या जागी ताजी फाइल येते.

ही एक ओळ ठेवायची कुठे, सगळा प्रश्न इथे आहे. पोर्टवाल्याने ती आपल्या खणात पॅच (वेगळी ठेवलेली दुरुस्ती) म्हणून ठेवली तर मूळ पॅकेज बदललं की दर वेळी त्याला ती पुन्हा बसवून बघावी लागते. असे पॅच शेकड्याने साचले की पोर्ट मागे पडतो. तीच ओळ मूळ पीकेजीबिल्डमध्ये (आर्चची पॅकेज बांधायची कृती) गेली तर एक्स८६-६४ चं, म्हणजे नेहमीच्या ६४-बिट पीसीचं, काही बिघडत नाही, आणि रिस्क-फाइव्हसोबत लूंगआर्च या आणखी एका प्रोसेसरवाल्याचंही काम होतं. अशी ओळ घ्यायला जो मेंटेनर (पॅकेज सांभाळणारा) नाही म्हणतो, तो बांध घालतो.

उलट बाजूही बघा. कोणी चाळीस ओळींचं 'हा प्रोसेसर असेल तर असं, तो असेल तर तसं' घेऊन आलं, तर मेंटेनरने नकार देणंच बरोबर. त्याच्याकडे ते यंत्र नाही, तपासणार कशावर? आणि उद्या मोडलं की शिव्या त्यालाच.

डेबियन या दुसऱ्या डिस्ट्रोने ही गोष्ट जास्त शहाणपणाने बसवली आहे, असं माझं मत. अधिकृत आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या जातीवर) आधी चालणारं पॅकेज बांधलं जाईनासं झालं तर ते पुढे टेस्टिंगमध्ये (पुढच्या स्टेबल आवृत्तीच्या तयारीत) सरकत नाही. पोर्टवर मोडलं तर कोणाचं अडत नाही, पण मोडलंय हे मेंटेनरला त्याच तक्त्यात दिसतं. सोर्स एकच, बांधणीची यंत्रणाही तीच. मूळ पॅकेजमध्ये अजून न शिरलेल्या पॅचसाठी 'अनरिलीज्ड' नावाचा वेगळा कप्पा आहे. बदल्यात पोर्टला स्टेबल आवृत्ती मिळत नाही, कायम सिडवर, म्हणजे सतत बदलणाऱ्या शाखेवर, राहायचं. या वाटेने वर चढताही येतं: रिस्क-फाइव्ह २०१८ मध्ये पोर्ट म्हणून आलं, जुलै २०२३ मध्ये अधिकृत झालं आणि ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये रिलीज झालं. उतरताही येतं. पॉवरपीसी हा प्रोसेसर २०१७ च्या स्ट्रेचपासून (डेबियन ९) अधिकृत यादीतून गेलं, पण पोर्टमध्ये राहिलं.

तुमच्यासाठी कामाचं: आर्च लिनक्स ३२ मध्ये आय४८६, आय६८६ आणि पेंटियम४ असे तीन प्रकार आहेत. तुमच्या प्रोसेसरला एसएसई२ (गणिताच्या जादा सूचनांचा संच) असेल (एन२७० ला आहे) तर पेंटियम४ घ्या, कारण आजकाल बरेच प्रोग्राम एसएसई२ गृहीत धरूनच चालतात. पोर्टच्या पॅकेजांची सही तपासण्यासाठी त्यांचं स्वतःचं कीरिंग (सह्या तपासायच्या चाव्यांचा जुडगा) लागतं. अपडेट करायचं तर पूर्ण करायचं, माझ्यासारखं अर्धवट नाही. आणि बग आधी पोर्टवाल्यांकडेच नोंदवा. तीच आवृत्ती ६४-बिट यंत्रावरही तशीच मोडत असेल, तरच आर्चच्या दारात जा.

मामांच्या दुकानात आता एक जुना ६४-बिट डेस्कटॉप आहे, त्यावर डेबियन स्टेबल. नेटबुक माझ्याकडे आला, त्याच्यावर अजून आर्च ३२ आहे.