देणगीतले प्रवाळ आणि टेकडीवरची रोपे

प्रश्न : आम्ही चौघे दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवसांसाठी मालदीवला जात आहोत. रिसॉर्टने पाठवलेल्या अंदाजपत्रकात ‘ग्रीन टॅक्स’ वेगळा लावला असून ‘प्रवाळ दत्तक घ्या’ अशी ऐच्छिक देणगीही सुचवली आहे. कर भरल्यावर पुन्हा देणगी कशाला, आणि तिचा बेटाला खरोखर उपयोग होतो का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : या दोन रकमांची गल्लत होऊ देऊ नका. ग्रीन टॅक्स हा सरकारी कर आहे. तो २०१५ मध्ये सुरू झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून दुप्पट होऊन रिसॉर्टमध्ये माणशी दिवसाला १२ डॉलर झाला. म्हणजे तुमच्या चौघांचे पाच दिवसांचे २४० डॉलर होतील. हा पैसा सांडपाणी, कचरा, किनारा-संरक्षण अशा कामांसाठी आहे. ही कामे कोणी छायाचित्रात दाखवत नाही, परंतु मालदीवची बहुतांश जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम एक मीटर उंच असून, तिच्याखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. वरून मैला झिरपला किंवा उधाणाचे पाणी आत शिरले की तो थर नासतो. त्यामुळे गटाराची नळवाहिनी हेसुद्धा तिथे हवामानबदलाशी टिकाव धरण्याचेच साधन ठरते. पलाऊ या द्वीपराष्ट्राने तर २०१८ पासून १०० डॉलरचे शुल्क विमानाच्या तिकिटातच धरले, त्यामुळे तिथे ऐच्छिकतेचा प्रश्नच उरला नाही.

देणगीचे प्रकरण निराळे आहे. प्रवाळभिंत लाटांचा जोर बाहेरच मोडते, हे खरे. परंतु अशा देणगीतून लोखंडी चौकटीवर बांधले जाणारे प्रवाळाचे तुकडे म्हणजे भिंत नव्हे. त्यांच्यावरचे शेवाळ काढावे लागते, मेलेले तुकडे बदलावे लागतात आणि पाणी फार तापले तर, १९९८ व २०१६ मध्ये मालदीवमध्ये घडले तसे, मोठाल्या नैसर्गिक भिंतीही पांढऱ्या पडून मरू लागतात. आपल्या टेकड्यांवर पावसाळ्यात रोपे लावायला गर्दी होते आणि एप्रिलमध्ये पाणी घालायला तीच चार-दोन नेहमीची माणसे उरतात, हे कोथरूडकरांना वेगळे सांगायला नको.

म्हणून देणगी देण्याआधी रिसॉर्टला ई-मेलने एवढेच विचारावे की, तीन वर्षांपूर्वी दत्तक दिलेल्या चौकटींची आजची छायाचित्रे मिळतील का, देखभाल कोण करते आणि रकमेतील किती भाग त्यावर खर्च होतो. उत्तर सरळ आले, मेलेल्या प्रवाळांची कबुली त्यात असली, तर मी स्वतः देणगी देईन. नुसते प्रमाणपत्र आणि तुमच्या नावाची पाटी एवढाच मजकूर आला, तर देणार नाही. आयकरातील सवलतीची अपेक्षा मात्र ठेवू नये. ती भारतातील मान्यताप्राप्त संस्थांना दिलेल्या देणगीपुरतीच असते.