शाळा बदलू नका, समितीत बसा

मुलगा करवीर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सातवीत आहे, स्टेटसला राजकीय गटाच्या साहेबांचा फोटो ठेवतो, 'आपला गट' म्हणतो. त्याला खासगी शाळेत घालू का, असं तुम्ही विचारलंय. जिल्हा परिषदेच्या शाळांत तीस वर्षं शिकवलेला माणूस म्हणून सांगतो, घालू नका. आपल्याकडच्या कितीतरी खासगी संस्था राजकीय घराण्यांच्याच आहेत. तिथं पालकाला विचारतंय कोण?

पोरांच्या डोक्यात गट पुस्तकातून शिरत नाही. दूध संस्था, साखर कारखाना, ग्रामपंचायतीचं पॅनेल, यावर घरात जेवताना जे बोललं जातं ते घेऊनच पोरगं वर्गात येतं. माझ्या वर्गात दोन मित्र होते. ग्रामपंचायतीला दोघांचे वडील समोरासमोर उभे राहिले आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी एकानं दप्तर उचलून शेवटचा बाक गाठला. तोवर खरडा-भाकरी एकाच डब्यातली खायचे. ते बघून माझ्या पोटात तुटलं. मी भाषण दिलं नाही, दोघांवर मिळून शाळेच्या बागेला पाणी घालायचं काम सोपवलं. बोलायला लागायला दिवाळी उजाडली.

शाळेनं मात्र स्वतःहून गटाला दार उघडू नये. मतदारयादी, मतदान केंद्र ही कामं शिक्षकाला कायद्यानंच येतात. पक्षाचा प्रचार येत नाही, सेवेच्या नियमात त्याला मनाईच आहे. नेत्याच्या वाढदिवसाला पोरं रांगेत उभी केली, तर लेखी हरकत घ्या. तोंडी तक्रार चहाबरोबर विरून जाते.

आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं तुमच्या हातात शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात किमान पंचाहत्तर टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला लागतात, अध्यक्षही पालकांतूनच होतो. पण पालकसभेला पंधरा माणसं येतात आणि समितीची नावं आदल्या रात्री गटाच्या बैठकीत ठरतात. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. पालकाची जबाबदारी या मातीत तेव्हापासूनची आहे.

मुलाला स्टेटस काढायला लावू नका, जास्तच चिकटेल. त्याला ग्रामसभेला घेऊन जा, शाळेच्या नळाला पाणी का नाही ते त्यालाच विचारू दे. आणि पुढची पालकसभा कधी आहे, ते मुख्याध्यापकांना उद्याच विचारा. जाताना शेजारच्या दोन आयांनाही बरोबर न्या.