स्लाइडवरचा काटेरी गोळा परागकण आहे की डायनोफ्लॅजेलेट सिस्ट, कसं ओळखायचं?

भावा, काटे नंतर मोज, आधी भोक शोध. डायनोफ्लॅजेलेट म्हणजे पाण्यातला एकपेशीय जीव आणि सिस्ट म्हणजे त्याचं सुप्तावस्थेतलं कवच. या सिस्टच्या आतून पेशी बाहेर पडते ती कवचाचा ठरावीक तुकडा निखळून. त्या दाराला आर्किओपाइल म्हणतात. त्याच्या कडा बहुधा कोनदार असतात, परागकणाच्या छिद्रासारख्या गोल नसतात. ते शेंड्याला आहे की कंबरेच्या पट्ट्याच्या जरा वर, यावर ओळख बरीच अवलंबून असते.

मग घडण. मूळ पेशीला लगटून बनलेली ती प्रॉक्सिमेट, लांब काट्यांची ती कोरेट, भिंतीच्या दोन थरांत पोकळी असलेली ती कॅव्हेट.

काट्यांची टोकं मात्र फोकस हळूहळू फिरवत बघ, घाई करू नकोस. स्पिनिफेराइट्स या सिस्ट-प्रकाराचे काटे मूळ पेशीच्या पट्टिकांच्या (चिलखताच्या तुकड्यांच्या) सांध्यांवर उगवतात आणि टोकाला फाटे फुटतात. हिस्ट्रिकोस्फेरिडियम या दुसऱ्या प्रकारात दर पट्टिकेमागे एकच पोकळ काटा, टोक कर्ण्यासारखं उघडं. १९६१ साली पुराजीवशास्त्रज्ञ एव्हिटने या गोळ्यांचं डायनोफ्लॅजेलेटशी असलेलं नातं उलगडलं. त्याआधी या गोळ्यांना लोकांनी काय काय ठरवलं होतं!

आणि हो, सिस्ट मिळवायला पन्हाळ्याचा काळा दगड आम्लात विरघळवत बसू नकोस. तो लाव्हा आहे, तुला समुद्री गाळाचा शेल (चिखलाचा थरांचा खडक) लागेल.