धुरीचे लाकूड : निवड, वाळवण आणि साठवण

घरी मांसाला धुरी देण्याविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी लाकडाशी संबंधित काही पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या परसातले हापूसचे जुने कलम गेल्या पावसाळ्यात वादळात उन्मळून पडले. त्याचे ओंडके पडवीत तसेच ठेवले आहेत. कोंबडीला धुरी देण्यासाठी हे लाकूड चालेल का, आणि येत्या पावसाळ्यात ते कसे जपावे? (राजापूर)

उत्तर : आंब्याचे लाकूड धुरीला चांगलेच आहे. त्याचा धूर सौम्य असतो आणि कोंबडी, मासे व डुकराचे मांस या तिन्हींना तो मानवतो. धुराचा जो वास आपल्याला हवासा वाटतो, तो मुख्यतः लाकडातील लिग्निन या घटकाचे उष्णतेने विघटन होऊन तयार होणाऱ्या ग्वायकॉल, सिरिंगॉल अशा द्रव्यांचा असतो आणि ती नीट तयार होण्यासाठी लाकूड धुमसताना पुरेसे तापावे लागते. लाकूड ओले असेल तर उष्णता आधी पाणी उडवण्यातच खर्च होते, दाट पांढरा धूर कोंडतो आणि मांसावर कडवट थर बसतो. चांगला धूर विरळ आणि निळसर दिसतो. म्हणून झाड कोणते, यापेक्षा लाकूड कोठून आले आणि किती वाळले, हे दोन प्रश्न मला अधिक महत्त्वाचे वाटतात.

पहिला प्रश्न तुमच्या कलमालाही लागू आहे. जुन्या झाडांना भिरुडाचा, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किडीचा, उपद्रव असतो आणि त्यावर उपाय म्हणून खोडातल्या छिद्रांत कीटकनाशक सोडून ती मातीने लिंपली जातात. अशी लिंपलेली छिद्रे किंवा त्यांच्याभोवतीचा काळपट डाग दिसला, तर तो ओंडका धुरीतून सरळ वगळावा. आंबा हा बिब्बा आणि काजू यांच्या कुळातला असून त्याचा ताजा चीक कातडीवर उततो, हे आंबे उतरवणाऱ्यांना सांगायला नको. अर्धवट वाळलेले लाकूड वापरायचे नाही, त्याला हेही एक कारण आहे. काजूच्या टरफलांची धुरी देण्याची कल्पना कोणाच्या मनात असेल, तर ती मात्र पूर्णपणे सोडून द्यावी. टरफलातले तेल तापल्यावर त्याची वाफ डोळ्यांना, घशाला आणि कातडीला भाजते.

अख्खा ओंडका सालीसकट पडवीत वर्षभर राहिला, तरी गाभ्यात ओलाच राहतो, कारण साल पाणी अडवते आणि लाकडातले पाणी कापलेल्या तोंडांतून सर्वांत लवकर बाहेर पडते. तेव्हा उन्हाळा हाताशी असतानाच ओंडक्यांचे वीतभर लांबीचे तुकडे करून ते मुठीएवढ्या जाडीचे फोडून घ्यावेत. सालीवर शेवाळ किंवा वाळवीची माती असेल, तर साल सोलून टाकावी. जमिनीवर विटा मांडून, त्यांवर फळ्या टाकून, एक थर उभा आणि एक आडवा अशी रचना केली, की मधून वारा खेळतो. अशा रीतीने रचलेले आंब्याचे तुकडे फेब्रुवारी ते मे या काळात बहुधा वाळून तयार होतात. वाळलेल्या तुकड्याच्या तोंडावर मध्यापासून कडेकडे गेलेल्या चिरा दिसतात, तो हाताला हलका लागतो आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता खणखणीत वाजतात; ओले लाकूड बद्द वाजते. खात्री करायची असेल, तर मधल्या भागाच्या १०० ग्रॅम ढलप्या मोजून घेऊन सुमारे १०० अंश सेल्सियस तापमानाच्या ओव्हनमध्ये वजन उतरणे थांबेपर्यंत ठेवाव्यात. ८० ते ८५ ग्रॅम उरल्या, तर ओलावा १५ ते २० टक्के होता आणि धुरीला तो योग्य आहे.

पावसाळ्याचा खरा त्रास असा, की वाळलेले लाकूडही हवेतला ओलावा परत शोषून घेते. हवेतील आर्द्रता कित्येक दिवस ८५ ते ९० टक्के राहिली, तर उघड्यावरचे लाकूड छपराखाली असूनही हळूहळू १८ ते २० टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे चांगल्या मर्यादेच्या काठावर येते, आणि भिंतीला टेकलेल्या किंवा ताडपत्रीत गुंडाळलेल्या ढिगात त्याला बुरशी धरते. म्हणून आगोटीची बेगमी करतानाच पावसाळ्यात लागेल एवढे लाकूड कडक उन्हात एकदा तापवून, निवल्यावर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरावे. ओलसर लाकूड मात्र डब्यात कधीही बंद करू नये. ते आतल्या आत कुबट होते. उरलेला साठा चुलीवरच्या माळ्यावर ठेवता आला, तर त्याहून चांगली जागा नाही. बुरशी आलेला तुकडा खरवडून वापरण्याचा मोह टाळावा, कारण बुरशीचे तंतू आतपर्यंत गेलेले असतात.

प्रश्न : ‘मेस्किट’ नावाने महाग विकले जाणारे लाकूड म्हणजे आमच्या माळावरची वेडी बाभूळच, असे ऐकले. ते खरे आहे का? (बारामती)

उत्तर : नात्याने ते खरे आहे. मेस्किट हे प्रोसोपिस वंशातील अनेक झाडांना अमेरिकेत दिलेले नाव आहे आणि आपल्याकडची वेडी किंवा विलायती बाभूळ, म्हणजे प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, ही त्याच गटातली, अमेरिका खंडातून आणलेली जात आहे. तिचा धूर उग्र असतो. तासन्‌तास शिजणाऱ्या मांसाला तो कडवटपणा आणतो, म्हणून लवकर होणाऱ्या तुकड्यांसाठी आणि तोही थोडाच वापरावा, किंवा आंब्याच्या लाकडात एखादा तुकडा मिसळावा. तोडताना काट्यांपासून फार जपावे, जखम चिघळते. देशी बाभूळही चालते, परंतु तिची साल कातडी कमावण्यासाठी वापरतात इतके तिच्यात टॅनिन असते, त्यामुळे ती साल संपूर्ण काढून टाकावी.

प्रश्न : द्राक्षबागेतील छाटणीच्या काड्या धुरीला वापरता येतील का? ढलप्या पाण्यात भिजवून टाकाव्यात असे सांगतात, ते योग्य आहे का? (निफाड)

उत्तर : द्राक्षवेलीच्या लाकडाचा धूर सुरेख असतो, यात शंका नाही, फ्रान्समध्ये वाळलेल्या काड्यांवर मांस भाजण्याची जुनी रीत आहे. परंतु आपल्या बागांत हंगामभर बोर्डो मिश्रण, गंधक आणि इतर बुरशीनाशकांच्या फवारण्या होतात आणि त्यांचे अंश काडीच्या सालीवर राहतात. खरड छाटणीच्या (उन्हाळ्यातल्या मोठ्या छाटणीच्या) काड्या म्हणूनच वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. घरापुरता, फवारणी न केलेला वेल असेल, तर त्याचे जाड ओलांडे, म्हणजे वेलीच्या मुख्य आडव्या फांद्या, वाळवून जरूर वापरावेत.

भिजवण्याने फारसे काही साधत नाही. पाणी लाकडात काही मिलिमीटरच शिरते आणि ते उडून जाईपर्यंत नुसती वाफ निघते. धूर अधिक काळ हवा असेल, तर ढलप्यांऐवजी मुठीएवढे तुकडे घ्यावेत आणि हवेचे झरोके अर्धवट बंद करावेत.

प्रश्न : सुताराकडचे उरलेले तुकडे किंवा मालाच्या खोक्यांच्या फळ्या चालतील का? (पुणे)

उत्तर : नाही. प्लायवुडमध्ये फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंक असतो आणि पॉलिश, रंग किंवा वाळवीचे औषध लागलेले लाकूड ओळखणे घरी शक्य नसते. खोकी बहुधा चीडसारख्या राळयुक्त लाकडाची असतात. राळ जळून काजळी धरते आणि ती मांसावर बसते. परदेशी मालाच्या फळीवर ‘एमबी’ असा ठसा असेल, तर तिला मिथाइल ब्रोमाइड वायूची प्रक्रिया झालेली असते.

प्रश्न : येथे ओकचे लाकूड सहज मिळते. ते घराच्या मागे अंगणात रचून ठेवताना काय काळजी घ्यावी? (ऑस्टिन, टेक्सास)

उत्तर : तुमच्या भागात गोमांसाच्या धुरीसाठी पोस्ट ओक हेच परंपरेने वापरले जाणारे लाकूड आहे आणि त्याचा मध्यम, स्थिर धूर मटणालाही छान जुळतो. रास घराच्या भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उचलून रचावी, पाऊस अडवण्यापुरते वरून झाकावे आणि बाजू उघड्या ठेवाव्यात. भट्टीत फार कोरडे केलेले लाकूड भडकन पेटते व धूर कमी देते, त्यामुळे उन्हावाऱ्यात वाळवलेले लाकूड मागून घ्यावे.

मात्र मध्य टेक्सासमध्ये ओक विल्ट हा बुरशीचा रोग आहे. रोगाने मेलेल्या रेड ओकच्या सालीखाली बुरशीचे थर वाढतात आणि त्यांवर येणारे छोटे भुंगेरे रोग निरोगी झाडांच्या ताज्या जखमांपर्यंत नेतात. पूर्ण वाळलेल्या लाकडातून हा धोका राहत नाही. झाडाची जात किंवा ते कशाने मेले हे विक्रेत्याला सांगता येत नसेल आणि लाकूड ताजे असेल, तर ते घेऊच नये. ते आधीच अंगणात येऊन पडले असेल, तर वर दिलेला बाजू उघड्या ठेवण्याचा नियम बाजूला ठेवून सगळी रास पारदर्शक प्लास्टिकने झाकावी आणि प्लास्टिकच्या कडा चारही बाजूंनी मातीत गाडाव्यात, म्हणजे भुंगेरे आत-बाहेर करू शकत नाहीत.