एमआरआयमध्ये 'एल४-एल५ डिस्क बल्ज' आलंय, डाव्या पायात कळ जाते. धावणं कायमचं सोडावं लागेल का?

नाही, नुसत्या रिपोर्टवरून तर अजिबात नाही. 'एल४-एल५ डिस्क बल्ज' म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी (डिस्क) थोडी बाहेर फुगलीय, एवढंच. मी डॉक्टर नाही, पण याच दुखण्यातून गेलोय.

सातारा हिल मॅरेथॉनच्या तयारीत यवतेश्वरचा घाट उतरून आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा घालायला वाकलो. हात पावलापर्यंत पोचेना. कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ, शिंक आली की डोळ्यापुढे अंधारी. एका डॉक्टरांनी पायाला हातही न लावता, फिल्म बघूनच सांगितलं, "मणक्यात गॅप आहे, पळणं विसरा." घाबरून तीन आठवडे पट्टा बांधून पडून राहिलो. ते मला महागात पडलं.

कंबर कधीच न दुखलेल्या लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये आला. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांच्या डिस्क फुगलेल्या होत्या! डिस्कला थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. दाबली-सुटली की स्पंजसारखी तिच्यात पाण्याची ये-जा होते. म्हणून हालचाल हवीच. रात्रभरात मात्र ती पाण्याने टम्म होते, तेव्हा उठल्यावर पहिला तासभर वाकू नका.

पुढे एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी पायाचा अंगठा खाली दाबून "आता वर उचला" म्हटलं, टाचांवर चालवून पाहिलं. ताकद शाबूत होती. मग दिवसातून चार-पाच वेळा दहा मिनिटं सपाटीवर चालणं, साइड प्लँक (कुशीवर कोपरावर भार देऊन अंग उचलून धरणं), बर्ड डॉग (हात-गुडघे टेकून एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय सरळ उचलणं). बाराव्या आठवड्यात मैदानावर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. पुढचं वर्षभर घाट चढताना पळालो, उतार मात्र चालतच उतरलो.

त्यांनी दिलेली एक खूण आजही वापरतो. कळ पोटरीतून वर सरकत कंबरेत आली तर सुधारणा आहे, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. पावलाकडे उतरायला लागली तर त्या दिवशी थांबायचं.

लघवी अडली किंवा नकळत झाली, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, चालताना पाऊल लुळं पडू लागलं, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच हॉस्पिटल गाठा.

टाचांवर चालता येतंय का तुम्हाला? आणि कळ नक्की कुठपर्यंत उतरते? तेवढं कळवा.