दुसरीतल्या मुलीला शाळेनंतर अबॅकस लावावा की वैदिक गणित? क्लासची वेळ झाली की तिचं पोट दुखतं.

दोन्ही नको. तुमच्या सोसायटीतल्या सगळ्या मुली जातात असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे हे पटायला जड जाईल, तरी दोन्ही नको. अबॅकसचं पुढे सांगते. आधी तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल. 'डॉक्टर म्हणाले काही नाही, म्हणजे नाटकच असणार ना?' असं तुम्ही विचारलंय. ते वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले.

मी डोंबिवलीत पाळणाघर चालवते. दुपारी साडेबारा-एकला मुलं व्हॅनमधून उतरतात, ती आईबाबा लोकलने परत येईपर्यंत माझ्याकडेच असतात. गाड्या रखडल्या तर रात्रीचे नऊही होतात. शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंतचा हा वेळ टीचरला दिसत नाही, नोकरी करणाऱ्या आईलाही दिसत नाही. तो मला दिसतो.

कोरोनाच्या आधी दुसरीतला एक मुलगा माझ्याकडे यायचा. हुशार, बोलका. वडिलांनी त्याच्यासाठी वेळापत्रक छापून माझ्या फ्रिजवर लावलं होतं. सोमवार-बुधवार अबॅकस, मंगळवार-गुरुवार फोनिक्स, शनिवारी स्केटिंग. त्याला क्लासला नेऊन आणायला एक मुलगी ठरवलेली. दिवाळीनंतर याचं पोट दुखायला लागलं. कुठे दुखतं विचारलं की बेंबीवर बोट ठेवायचा. जंताचं औषध झालं, लघवी तपासून झाली, सोनोग्राफी झाली. काही निघालं नाही. मग वडील मला म्हणाले, 'काकू, तुमच्या जेवणात तेल जास्त असतं का?' माझ्याकडे वरण-भात, पोळी-भाजी, ताक. तेच जेवून बाकीची मुलं अंगणात लंगडी घालत होती.

मी त्याला काही विचारलं नाही, फक्त पाहत राहिले. पाण्याची बाटली सकाळी भरून दिलेली तशीच परत येत होती. आणि दारात आल्याबरोबर दप्तर पाठीवर असतानाच तो बाथरूमकडे धावत होता. एका दुपारी मेथी निवडत बसले होते, तो शेजारी येऊन पानं खुडायला लागला आणि मान खाली घालूनच म्हणाला, 'आमच्या शाळेतल्या बाथरूमला कडी नाहीये. मोठी मुलं दार ढकलतात.' एवढंच. हा मुलगा शू लागू नये म्हणून शाळेत पाणी पीत नव्हता आणि शी लागली तरी दाबून धरत होता.

असं रोज दाबलं की आतड्यात मळ साचून राहतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि खडा होतो. मग बसलं की दुखतं, दुखतं म्हणून मूल आणखी दाबतं. शाळेत अडवलेलं दुपारी जेवल्यावर पोटात ढवळायला लागतं. नेमकी तीच क्लासला निघायची वेळ, म्हणून घरच्यांना वाटतं की क्लास चुकवायला करतोय. सोनोग्राफीला काही आलं नाही म्हणून दुखणं खोटं होत नाही.

त्याच्या आईला मी संध्याकाळी सगळं सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून शाळेत गेली. कडी बसायला वेळ लागला, पण टीचरने मधल्या सुट्टीच्या आधी त्याला जाऊन यायची परवानगी दिली. माझ्याकडे तो जेवण झाल्यावर पायाखाली छोटं स्टूल घेऊन शांतपणे बसायला लागला. जेवल्यावर आतडी आपोआप हलतात, म्हणून तीच वेळ धरायची. पोट दुखणं हळूहळू थांबलं.

वडिलांशी माझं वाजलं ते यानंतर. मी म्हटलं, निदान चार महिने क्लास बंद ठेवा, याला शाळेतून आल्यावर तासभर मोकळा राहू द्या. ते म्हणाले, 'प्रॉब्लेम शाळेच्या बाथरूमचा होता, क्लासचा काय संबंध? तुमच्याकडे मुलं नुसती खेळतात. त्याचे तुम्ही पैसे कशाचे घेता?' आणि जूनमध्ये त्याला एका ॲक्टिव्हिटी सेंटरला घातलं. तिथे कॅमेरे होते, आईबाबांना मोबाइलवर मूल दिसायचं.

संबंध असा आहे. सातला शाळा, एकला घर, जेवण कोंबून तीनला झोपेतून उठवून चारला क्लास, असा ज्याचा दिवस आहे ते मूल कडीची गोष्ट सांगणार कधी? लहान मुलाला समोर बसवून 'आज काय झालं शाळेत?' विचारलं तर 'काही नाही' असंच उत्तर येतं. हाताला काहीतरी काम हवं, मोठ्या माणसाची नजर त्याच्यावर नको, आणि वेळ बिनकामाचा हवा. मग बाहेर येतं. खोडरबर हरवलं, आई ओरडेल. बाकावर शेजारी बसणारीने कट्टी केली. टीचरने डायरीत रिमार्क लिहिलाय आणि ते पान अजून कोणाला दाखवलेलं नाही. गॅदरिंगच्या नाचात मागच्या रांगेत टाकलं. डब्यातल्या भाजीला कोणीतरी नाक मुरडलं. व्हॅनमध्ये मोठी मुलगी खिडकी देत नाही. आपल्याला क्षुल्लक वाटतं. सात वर्षांच्या जिवाला त्यापायी रात्री झोप लागत नाही.

माझं हे म्हणणं तेव्हा एका पाळणाघरवालीचं म्हणून उडवलं गेलं. नंतर २०२० मध्ये केंद्राचं दप्तर धोरण आलं, मुलांच्या दप्तराचं ओझं कमी करायचं. त्यात दुसरीपर्यंत गृहपाठच नको, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास, असं लिहिलंय. आणि पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठाऐवजी वर्गात बोलू द्या म्हटलंय: काल संध्याकाळ कशी गेली, काय खेळलात, काय जेवलात. ज्या मुलाची संध्याकाळ क्लासमध्येच गेली, ते वर्गात काय सांगणार? २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारनेही चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, मुलांची झोप होत नाही म्हणून. इतक्या लांबून जे दिसलं ते त्या वडिलांना घरात दिसलं नाही. पण त्यांची धाकटी मुलगी पुढे माझ्याकडेच आली. आई घेऊन आली. कॅमेऱ्याबद्दल तिने विचारलं नाही, 'जेवल्यावर बसवाल ना स्टुलावर?' एवढंच विचारलं.

आता अबॅकस. वाईट काही नाही त्यात. दर दांडीवर वर पाच किमतीचा एक मणी, खाली एकेक किमतीचे चार, ते सरकवून बेरीज, आणि पुढे मणी नुसते डोळ्यांसमोर आणून तोंडी. पण दुसरीत शाळेत नेमकी हातच्याची बेरीज-वजाबाकी सुरू असते. ती पक्की व्हायच्या आत वेगळी रीत डोक्यात घातली की काही मुलं दोन्हीकडे अडखळतात, हे मी वह्या बघताना पाहिलंय. वैदिक गणिताच्या युक्त्या तर पाढे पाठ झाल्याशिवाय उपयोगाच्याच नाहीत. दोन्ही चौथी-पाचवीत लावता येतात, तिने स्वतः मागितले तर. तोवर पत्ते आणा. बदाम सात खेळताना सहाच्या खाली काय आणि आठच्या वर काय हे मुलाला शिकवावं लागत नाही. दुकान-दुकान खेळताना एकेक रुपयाची दहा नाणी देऊन दहाची नोट घेतली की हातचा कळतो. आणि रोज तासभर तरी बाहेर उजेडात धावू दे. लगोरी, विषामृत, डबा ऐसपैस, काहीही. जागतिक आरोग्य संघटना पाच वर्षांपुढच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल हवी म्हणते, आणि दिवसाच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं हे अभ्यासांतून दिसलंय. माझ्याकडची अर्धी मुलं तिसरीत चष्मा लावतात.

तुमच्या लेकीला कडीचाच त्रास असेल असं मी म्हणत नाही. क्लासमधल्या सरांची भीती असेल, तिथे सगळ्यांपुढे लेव्हलप्रमाणे उभं करत असतील, किंवा नुसती झोप कमी पडत असेल. बाटली रोज किती संपते ते आजपासून बघा, आणि आल्याबरोबर ती धावत कुठे जाते तेही. दुखण्याने रात्री झोपेतून उठत असेल, उलट्या, ताप, वजन घटणं, शीतून रक्त किंवा लघवीला जळजळ असेल, तर माझं काही ऐकू नका, पुन्हा डॉक्टरकडे न्या. आणि काही मुलांना क्लास खरंच आवडतो, नाचाच्या क्लासला वाटेतच पायात चाळ बांधून निघणारी मुलगी माझ्याकडे आहे. तिला कोणी अडवू नये.

तुम्ही फी भरली आहे का ते लिहिलं नाहीत. भरली नसेल तर वर्षाची एकदम भरू नका. 'आता भरली तर सवलत' म्हणतील, तरी महिन्याचीच द्या. एकदा पूर्ण फी गेली की रडणाऱ्या मुलीला घरी ठेवायचं धाडस कोणत्याच आईबापाला होत नाही.